कपाट तेवढं राहू दे

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

घर विकायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं आणि हे "बरं" म्हणाले. जन्मभर जिल्हा परिषदेत सभांची इतिवृत्तं लिहिलेला माणूस, घरातल्या सभेत मात्र कायम एकच शब्द.

भार्गवीच्या केडगावच्या सोसायटीत, तिच्या दारासमोरच, तळमजल्यावरचा फ्लॅट निघाला आहे. मालक म्हणतात, मार्गशीर्ष संपेपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, पुढे पौषात मी व्यवहार करत नाही आणि माघात दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. म्हणजे त्याआधी आपलं सावेडीचं घर विकलं गेलं तर तो आपला. भार्गवी आणि जावई अवधूत दोघंही नोकरीला, आणि माझी सृष्टी पाळणाघरात डबा खाते. चार वर्षांची पोर. तिला दुपारी गरम मऊ भात भरवायचा आहे मला, वर तूप घालून. देवाकडे सध्या दुसरं काही मागत नाही.

रविराज म्हणून एजंट आहे, त्याला बोलावलं. चुणचुणीत मुलगा, प्रत्येक वाक्याच्या आधी "काकू" लावतो. घर पाहून म्हणाला, बांधकाम एक नंबर. ह्यांनी त्याला बसा म्हटलं नाही की पाणी विचारलं नाही. हल्ली यांचं असंच चाललं आहे. संध्याकाळी मित्रांच्या कट्ट्यावर जायचे, तेही बंद केलं. म्हणे तिथे नुसतं राजकारण बोलतात. जसं काही हे पूर्वी तिथे अभंग म्हणत होते. पेपरही मीच वाचून दाखवते. "तुझा आवाज चांगला आहे," म्हणतात. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर कौतुक मिळालं, तेव्हा मी काही तक्रार केली नाही. रोज मोठ्याने वाचते.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज पहिलं गिऱ्हाईक आलं. डॉक्टर मुलगा आणि त्याची नवी नवरी. मी पोहे केले होते. मुलगी इतकी गोड, आल्या आल्या वाकून ह्यांच्या पाया पडली. आणि हे? समोर भिंतीकडे बघत बसले. आशीर्वाद नाही, डोक्यावर हात नाही, पाय सुद्धा हलवला नाही. बिचारी तशीच उठली. नवऱ्याने पेढ्यांचा पुडा बाजूने पुढे केला, तोही यांनी घेतला नाही. शेवटी मीच घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते गेल्यावर मी विचारलं, "घर विकायचं नसेल तर तोंडाने सांगा ना. लोकांचा अपमान कशाला?"

हे जरा गोंधळल्यासारखे झाले. "पाया पडली होती का?" म्हणाले. "लक्ष नव्हतं गं माझं."

लक्ष नव्हतं म्हणे. पायावर माणूस पडला तरी लक्ष नाही. मी दिवसभर बोलले नाही, आणि मी बोलत नाही हे यांना कळावं म्हणून भांडी जरा जोरात घासली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांनी नकार कळवला. रविराज येऊन समोर बसला आणि म्हणाला, "काकू, राग मानू नका. घर झकास आहे, पण सामानात दिसतच नाही. बघायला येणाऱ्याला तुमचा संसार दिसतो, स्वतःचा दिसत नाही. जरा मोकळं करा." मोबाईलवर त्याने मला पुण्याचे फ्लॅट दाखवले. पांढऱ्या भिंती, एक खुर्ची, एक कुंडी. त्या घरांत माणसं भांडी कुठे ठेवतात कोण जाणे, पण दिसायला छान होतं.

त्याचं खरंच आहे. पलंग, त्याला लागून शिवणाचं मशीन, मग पॅसेजभर ते कपाट, त्याला चिकटून दिवाण, दिवाणापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत शोकेस. बेडरूमपासून ओट्यापर्यंत नुसती रांग. त्यातलं कपाट म्हणजे माझ्या डोक्याला कायमचा ताप. ह्यांनी कचेरीतल्या जुन्या सामानाच्या लिलावात घेतलेलं. सागवानी आहे, मान्य, पण हत्तीएवढं, आणि बाजूला पांढऱ्या रंगात सरकारी नंबर अजून तसाच. लग्नानंतर ते दारात उतरलं तेव्हापासून मी त्याला खोकड म्हणते. हे मात्र येता-जाता त्याच्यावरून हात फिरवतात, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. माझ्या पाठीवरून कधी फिरवला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

टेम्पो आला. अवधूतच्या भावाचा एक गाळा रिकामा आहे, तिथे सगळं नेऊन ठेवलं. हे खुर्चीत बसून ऐकत होते. हमाल कपाटाला दोर बांधायला लागले तेव्हा एवढंच म्हणाले, "कपाट तेवढं राहू दे."

मी म्हटलं, "मुळात त्याच्यासाठीच तर टेम्पो बोलावलाय."

"बरं," म्हणाले.

आता घरात दोन पलंग, दोन खुर्च्या आणि देवघर. बोललं की आवाज घुमतो. मी हॉलच्या मधोमध उभी राहून एक गिरकी घेतली. गुडघा दुखला, पण घेतली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, आरती केली. ह्यांना हाक मारली तर तिथूनच हात जोडले. उठले नाहीत.

घर मोकळं केल्यापासून यांनी खुर्ची धरली आहे ती धरलीच. चहाला स्वयंपाकघरात यायचे, आता "इथेच दे" म्हणतात. परवा नडगी सोलून घेतली, कशी विचारलं तर म्हणाले जिन्यावर. जिन्याकडे जातात कशाला, वर आहे काय? काल दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला होता, तो लवंडला. आणि डोळे सारखे चोळतात. कोरडेपणा आहे म्हणून थेंब घालतात, वर्ष झालं असेल, त्याचा काही उपयोग दिसत नाही.

मला सगळं समजतं. हा रुसवा आहे. कपाट नेलं म्हणून साहेबांचा असहकार चालू आहे. मीही बघते किती दिवस चालतो ते.

३० नोव्हेंबर, रविवार

बँकेतले एक गृहस्थ सहकुटुंब घर बघून गेले. मला वाटलं होतं, रिकामं घर बघून हरखून जातील. उलटच झालं. बाई प्रत्येक खोलीत जाऊन म्हणाली, "लहान वाटते नाही?" जिथे पलंग, मशीन आणि दोन माणसं मावत होती ती खोली रिकामी झाल्यावर लहान वाटते, ही गंमत मला माहीत नव्हती. कपाटामागच्या भिंतीवर ओलीचा डाग निघाला, तो त्यांनी पहिल्यांदा पाहिला. जमिनीवर कपाटाच्या पायांचे चार खळगे पडले आहेत, त्यात त्यांच्या मुलाने बोट घातलं. गृहस्थ म्हणाले, "इथे कोणी राहत होतं का?" मी म्हटलं, आम्ही राहतो.

हे खुर्चीतून उठले नाहीत. मी आता सांगायचंही सोडलं आहे.

३ डिसेंबर, बुधवार

आधी चहा प्यायले, मग लिहायला बसले.

सकाळी भाजीला निघाले आणि कोपऱ्यावर आठवलं, पिशवीच घेतली नाही. परत आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकणार तोच हे दिसले.

बेडरूमच्या दारातून निघाले होते. उजवा हात कमरेच्या वर उचललेला, तळवा बाहेर. तो हात हवेतून पुढे सरकत होता. कपाट होतं तेवढ्या अंतरात, कपाटाच्याच उंचीवर. जिथे कपाट संपायचं तिथे हात खाली आला, दिवाणाच्या कडेला टेकायला. दिवाण नव्हता. हात तसाच खाली राहिला. मग हे थांबले आणि पायाने पुढची फरशी चाचपायला लागले, अंधारात पायरी चाचपतो तशी. घरात लख्ख ऊन होतं.

मी हाक मारणार होते. नाही मारली. उलट्या पावली मागे झाले, फाटकाची कडी मुद्दाम दोनदा वाजवली, चपला काढायला वेळ लावला. आत आले तेव्हा हे खुर्चीत होते. धाप लागली होती. पेपर मांडीवर होता. "लवकर आलीस," म्हणाले. मी म्हटलं, पिशवी विसरले.

ती मुलगी पाया पडत होती. तो पेढ्यांचा पुडा. कट्टा. पेपर. नडगी. मी तांब्या ज्या बाजूला ठेवला ती बाजू. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी त्याला रुसवा म्हणत होते. भाजीवाल्याच्या गाडीपाशी मला रडू आलं. तो म्हणाला, मावशी, मेथी स्वस्त लावतो.

४ डिसेंबर, गुरुवार

टेम्पो परत बोलावला. हमालांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. कपाटाचे पाय जुन्या खळग्यांत बरोबर बसवून घेतले, दिवाण त्याला चिकटवून, मशीन होतं तिथेच. रविराजला फोन केला, तो म्हणाला, "काकू, असं कसं चालेल?" मी म्हटलं, चालेल.

ह्यांना सांगितलं, "रिकामं घर लोकांना आवडत नाही म्हणे."

"तरी मी म्हणत होतो," म्हणाले. काही म्हणत नव्हते.

आरतीच्या वेळी मी हाक मारली नाही. घंटा वाजवली आणि वाट पाहिली. कपाटावरून हात फिरल्याचा आवाज झाला, दिवाणाचा, शोकेसची काच जरा खणखणली, आणि हे देवघरापाशी येऊन उभे राहिले. "घट छान मांडलास," म्हणाले. मला आरतीचे शब्द सुचेनात.

८ डिसेंबर, सोमवार

आज विचारून टाकलं. म्हटलं, "राहू दे का हे घर? नाही विकलं तर काय बिघडतं?"

"का? तुला सृष्टीजवळ जायचंय ना?"

"तुम्हाला?"

"मला काय, चहा तिथेही मिळेल." सांगत नाहीत. मग मीही मला कळलं आहे असं सांगणार नाही. यांना ते लपवायचं असेल तर लपवू देत, एवढा मान मी ठेवू शकते.

पण दुपारभर विचार केला तेव्हा एक लक्षात आलं. यांचा हात भिंतींवर नसतो, सामानावर असतो. भिंती इथेच राहतील, सामान टेम्पोत चढतं. पलंगानंतर मशीन, मशीननंतर कपाट, कपाटानंतर दिवाण, मग शोकेस. ही रांग केडगावला जशीच्या तशी लावली, तर हे तिथेही कुणाचा हात न धरता फिरतील. सगळ्यात लांब टप्पा कपाटाचा, ते नसेल तर मधेच सगळं तुटतं. सुतळीने मी पॅसेज मोजला आणि भार्गवीला तिथलं माप घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू ते खोकड आणणार आहेस? मी नवं वॉर्डरोब करून देते."

मी तिला म्हटलं, खोकड म्हणू नकोस त्याला. ती हसत सुटली. तिचाही काही दोष नाही, तिने हा शब्द माझ्याकडूनच घेतला.

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. फ्लॅटच्या मालकांचा कालच फोन आला होता. आज-उद्यात काय ते सांगा, म्हणाले.

रविराज शेवटचं म्हणून एक कुटुंब घेऊन आला. श्रीरामपूरकडचे शेतकरी. मुलगा सुनील, सून ज्ञानेश्वरी इथल्या शाळेत शिक्षिका, म्हणून इथे घर हवं. आणि सुनीलची आई गोजरबाई. निर्णय त्यांच्या हातात आहे हे त्यांच्या चालण्यावरूनच दिसत होतं. आल्या आल्या घटासमोर डोकं टेकवलं आणि म्हणाल्या, "भरल्यालं घर हाय. बरं वाटतंय."

ज्ञानेश्वरी वाकली तशी मी मोठ्याने म्हटलं, "अहो, सूनबाई पाया पडतेय हं." ह्यांनी हात पुढे केला, तो तिच्या डोक्यावर बरोबर पडला. "सुखी राहा," म्हणाले.

आणि मग हे स्वतः उठले. "चला, मी दाखवतो घर," म्हणाले. हात कपाटावर, दिवाणावर, आणि पुढे पुढे. नळ केव्हा येतो, वारा कुठल्या खिडकीने येतो, उन्हाळ्यात कुठली खोली गार राहते, सगळं सांगितलं. ओलीचा डाग कपाटामागे आहे हेही सांगितलं. गोजरबाईंनी विचारलं, "बाजरीची पोती कुटं ठिवायची?" तर जिन्याखालची जागा दाखवली, जिथे आम्ही आयुष्यात कधी पोतं ठेवलं नाही. माझ्या मनात आलं, हा माणूस आपलं चालतं-फिरतं राज्य दुसऱ्याला विकतोय आणि किती मन लावून विकतोय.

बोलणी झाली, सगळं जुळलं. रविराजचा चेहरा फुलला. तेवढ्यात गोजरबाई कपाटापाशी जाऊन उभ्या राहिल्या, दार उघडून आत वास घेतला.

"एक मागनं हाय," म्हणाल्या. "हे कपाट हितंच सोडा. त्याचं काय आसंल ते येगळं देऊ. माजा जीव ह्याच्यावर बसलाय. ह्ये न्हेलं तर हितं वल्ली भितच ऱ्हाती, मंग मला इचार करावा लागंल."

रविराज लगेच म्हणाला, "घ्या की आजी. काकूंना तसंही नकोच आहे ते."

"हो हो, घेऊन टाका," हे म्हणाले. हात अजून कपाटावर होता.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हटलं तर घर जाणार, घर गेलं की फ्लॅट जाणार, आणि सृष्टीचा मऊ भात पाळणाघरातच राहणार. आणि नाही का म्हणते, ते सांगितलं तर परक्या माणसांसमोर ह्यांचं झाकलेलं उघडं पडणार. तोंडातून निघालं, "ते देता येणार नाही. माझ्या माहेरचं आहे."

रविराजने आ वासला. ह्यांचा हात कपाटावर जागच्या जागी थांबला.

सुनील वाकून कपाटाची बाजू बघत होता. "पन काकू, ह्याच्यावर तर सरकारी नंबर हाय की."

माझ्या कानांपर्यंत रक्त चढलं. गोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, ह्यांच्या हाताकडे. पुष्कळ वेळ पाहिलं. मग मुलाला म्हणाल्या, "गप रं. बाईमानसाच्या म्हायेरच्या वस्तूवर काय लिवलंय ते वाचायचं नसतं." कपाटाचं दार हळूच लावलं. "म्हायेरचं हाय म्हनल्यावर आमी मागत न्हाई. घर घेतलं आमी. वली भित सिमीटानं लिपून घिऊ."

ज्ञानेश्वरीची ओटी भरली, हळदकुंकू लावलं. ते गेले. मी कप उचलत होते.

हे दिवाणावर येऊन बसले. "तुझ्या माहेरून एक तांब्या आला होता," म्हणाले. "तोही गळका."

मी कप एकात एक घालत राहिले.

"कधी कळलं तुला?"

"पिशवी विसरले त्या दिवशी."

मग बोलले. काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं, म्हणून ते थेंब. समोर रुपयाएवढं दिसतं, बाजूचं काही नाही. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, "तू मला हात धरून फिरवलं असतंस. आणि केडगावचा विचार सोडून दिला असतास. मला दोन्ही नको होतं."

"आणि आज ते कपाट द्यायला निघाला होतात."

"तुला सृष्टी हवी होती ना," म्हणाले, इतक्या साधेपणाने की मला कप खाली ठेवावे लागले. मी शेजारी बसले आणि रडले. यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

२५ जानेवारी २०२६, रविवार

माघ लागला, आम्ही केडगावला आलो. दूध उतू घातलं. सृष्टीने विचारलं, दूध उतू गेलं तरी आजी रागावली का नाही?

कपाट आणताना हमालांनी दाराची कड खरवडली, भार्गवीने कपाळाला हात लावला. मी सुतळी घेऊन उभी होते. तिसऱ्या वेळी जागेवर बसलं. "आई, अर्धी खिडकी झाकली जातेय," भार्गवी म्हणाली. मी म्हटलं, झाकू दे. मग पलंग, मशीन, दिवाण, शोकेस. जावई म्हणाले, घर जरा कोंदट दिसतंय. दिसू दे, कोणाला विकायचंय आता.

भार्गवीला मी सकाळीच सगळं सांगितलं होतं. रडून तिचे डोळे सुजले होते. दुपारी हे पलंगावरून उठले तशी ती हात धरायला धावली. मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. मलाही उठायचं होतं, म्हणून दोघी एकमेकींना धरून बसलो.

मशीनवर हात गेला. मग कपाटावर. मधे दिवाण वीतभर लांब पडला आहे, तिथे हात क्षणभर अडकला, मग सापडला. शोकेस. शोकेसपुढे गॅलरीचं दार होतं, जुन्या घरी तिथे ओटा होता. हे दारात जाऊन उभे राहिले, दोन्ही हात कठड्यावर.

"प्रेमला," म्हणाले, "इकडे ये. इथून काय काय दिसतं ते सांग मला."

लग्नानंतर पहिल्यांदा यांनी असं काही विचारलं. मी जाऊन शेजारी उभी राहिले आणि डावीकडून सांगायला सुरुवात केली.